खाचांतली धूळ

दिव्याची एक जुनी काच हवी होती म्हणून सॅन होजेजवळच्या जुन्या सामानाच्या दुकानात एका दुपारी हिंडत होते, तेव्हा मागच्या खोलीत खुर्च्यांच्या उतरंडीआड अक्रोडाच्या लाकडाचे एक कपाट दिसले. वर उंच आरसा, मध्ये पांढऱ्या संगमरवराची फळी, खाली तीन खण, खणांना लोंबत्या पितळी कड्या, आणि दर्शनी बाजूला सरळ, उथळ, समांतर कोरलेल्या रेघा, ज्यांच्या टोकाशी कुठे एखादे पान उमटल्यासारखे दिसे. चिठ्ठीवर ‘ईस्टलेक, अंदाजे १८८०’ असे लिहिले होते. किंमत वाचण्याआधीच माझे बोट त्यातल्या एका खाचेत गेले आणि करडे होऊन बाहेर आले.

ही सवय लहानपणची. आजोबा गावच्या हौशी नाट्यमंडळाचे खजिनदार असल्यामुळे मंडळाचा पायपेटीचा ऑर्गन पावसाळाभर आमच्या ओसरीच्या कोपऱ्यात मुक्कामाला असे. तो अमेरिकेतून आलेला होता एवढेच सगळ्यांना ठाऊक होते. संगीत नाटकांच्या साथीला असे ऑर्गन महाराष्ट्रात पुष्कळ आले होते, त्यामुळे त्यात कुणाला नवल वाटत नसे. वाजवायला आम्हां मुलांना सक्त मनाई होती, पुसायला मात्र नव्हती. दिवाळीपूर्वीच्या आवरासावरीत आजी केसांच्या आकड्याला मलमलीची चिंधी गुंडाळून माझ्या हातात देई आणि मी पेटीसमोर फतकल मारून एकेक रेघ कोरडी करीत असे. रेघा सोप्या होत्या, कारण आकडा एका टोकाला टेकवून ओढला की धुळीची बारीक सुरळी दुसऱ्या टोकाला जमा होई. जीव जाई तो पट्ट्यांच्या वरच्या जाळीदार फळीत आणि कातावर उतरवलेल्या त्या बोटभर उंचीच्या खांबांच्या रांगेत, जिथे चिंधी अडकायची आणि आकडा लाकडाला लागायचा. “ज्याने हे कोरले त्याच्या घरी धूळ पडत नसणार,” असे आजी दर वर्षी म्हणत असे. व्हरमाँट राज्यातल्या ब्रॅटलबरो गावी एस्टी कंपनीने असे पाच लाखांहून अधिक ऑर्गन केले. तिथे हिवाळाभर बर्फ असतो, तेव्हा आजीचे म्हणणे निदान काही महिन्यांपुरते खरे मानायला हरकत नाही.

तर ज्याच्या नावाने ही नक्षी ओळखली जाते, त्या चार्ल्स लॉक ईस्टलेकचा धुळीशी नव्हे, पण भपक्याशी मात्र उभा दावा होता. शिक्षणाने तो वास्तुविशारद. लंडनच्या नॅशनल गॅलरीचे पहिले संचालक हे त्याचे काका, आणि नावही जवळजवळ तेच, त्यामुळे दोघांची गल्लत आजही होते. १८६८ साली त्याने घर कसे सजवावे याविषयी ‘हिंट्स ऑन हाउसहोल्ड टेस्ट’ नावाचे पुस्तक लिहिले. त्या काळच्या दिवाणखान्यांतल्या फुगीर पाठींच्या, वळणावळणांच्या खुर्च्या त्याला साफ नापसंत होत्या. लाकूड सरळ वाढते, त्याला वाकडे कापले की त्याचा जोर जातो आणि सामानही फुकट जाते, असे त्याचे म्हणणे. सांधा कसा, तर एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या भोकात घट्ट बसवून वर खुंटी मारलेला आणि डोळ्यांना दिसणारा. सरसाने चिकटवलेली तयार नक्षी नको आणि आपल्याकडचे सुतार आजही अभिमानाने करून देतात ते चकचकीत फ्रेंच पॉलिश तर नकोच नको. नक्षी असावी, पण थोडी, उथळ, आणि वस्तूच्या घडणीला धरून. मला यातले बहुतेक सगळे पटते, हे आधी सांगून ठेवते.

१८७२ साली पुस्तक बोस्टनमध्ये छापले गेले आणि अमेरिकेतल्या मध्यमवर्गीय घरांत त्याचे पारायण सुरू झाले. पण तिथल्या कारखानदारांनी त्यात वेगळेच काही वाचले. सरळ फळ्या, चौकोनी कोपरे, उथळ रेघा हे सगळे यंत्राला हाताहूनही सोपे होते. नागमोडी पाय घडवायला कसबी कारागीर लागतो; सरळ खाच फिरत्या पात्याखालून फळी सरकवली की पडते. मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्ससारख्या गावांतल्या कारखान्यांतून खाट, कपाट, टेबल अशा एकाच नक्षीच्या जोड्या बाहेर पडू लागल्या. मग गिऱ्हाइकाला कमी वाटू नये म्हणून रेघांत सोनेरी रंग भरला गेला, मधल्या चौकटीवर गाठाळ लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवला गेला, माथ्यावर कंगोरे चढले, आणि साधेपणाच्या नावाने सुरू झालेले काम मखरापर्यंत जाऊन पोचले.

ईस्टलेक वैतागला नसता तरच नवल. १८७८ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्याने लिहून टाकले की अमेरिकेतले व्यापारी ज्याची ‘ईस्टलेक’ म्हणून जाहिरात करतात त्या सामानाशी आपला काडीचाही संबंध नाही, आणि त्यातल्या अभिरुचीची जबाबदारी आपल्यावर आली तर आपल्याला फार वाईट वाटेल. एवढ्यावर भागले नाही. सॅन फ्रान्सिस्कोत बांधकाम करणाऱ्यांनी तीच नक्षी आता घराच्या बाहेर नेली. रेडवुडच्या कातीव खांबांनी, गोट्यांनी आणि झालरींनी दर्शनी भिंती मढवल्या आणि त्या घरांनाही त्याचेच नाव दिले. १८८२ साली त्याने कॅलिफोर्नियातल्या वास्तुकलेच्या एका मासिकाला कळवले की हा प्रकार एकूण वर्णनावरून अतिरेकी आणि विचित्र दिसतो आणि आपल्याला त्याविषयी सहानुभूती वाटणे शक्य नाही. पुढे १९०६ च्या एप्रिलात भूकंपाने आणि आगीने ते शहर उद्ध्वस्त झाले, त्याच वर्षी तोही लंडनमध्ये वारला. आग जिथवर पोचली नाही त्या बाजूची कितीतरी घरे अजून उभी आहेत आणि घर दाखवणारे दलाल त्यांना बिनदिक्कत ईस्टलेक म्हणतात.

त्याच्या बाजूने विचार करायचा मी प्रामाणिक प्रयत्न करते. आमच्या घरातली कपाटे मी आणि नवऱ्याने जमिनीवर बसून, चित्रांचा कागद समोर ठेवून, षटकोनी चावीने जोडलेली आहेत. ती सरळ आहेत, त्यांच्यावर नक्षीचा ठिपका नाही, सगळे सांधे आणि स्क्रू डोळ्यांना दिसतात, पुसायला एक ओला फडका पुरतो. तरी ईस्टलेकने त्यांना उंबरठ्याच्या आत घेतले नसते, कारण वर दिसणारे ओक हे भुशाच्या फळीवर चिकटवलेल्या कागदावरचे छापील ओक आहे. त्या मानाने ग्रँड रॅपिड्सचा कारखानदार पुष्कळच सज्जन म्हटला पाहिजे. त्याचा पापुद्रा निदान झाडाचा होता. आणि खरे सांगायचे तर मला तो पापुद्रा, ते कंगोरे, ती निरर्थक गोट्यांची रांग हेच आवडते. ईस्टलेकला जे मान्य होते ते मला पटते, आणि त्याने जे झिडकारले त्याच्यासमोर मी थांबते. आजीला विचारले असते तर तिने ईस्टलेकचीच बाजू घेतली असती, मात्र अभिरुचीचा प्रश्न तिच्या मनात आला नसता.

त्याच्या तक्रारींनी या कपाटांचे काही बिघडले नाही. फॅशन बदलायला इतर कारणेही होती, पण एक कारण लाकडाचेच होते. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या रानांतले काळे अक्रोड शतकाच्या मध्यापासून सामानासाठी इतके तोडले गेले की पुढे चांगल्या जाडीचे ओंडके दुर्मीळ आणि महाग होत गेले, आणि १८९० च्या सुमारास कारखाने ओककडे वळले. दुकानातल्या त्या कपाटाच्या माथ्यावरची फळी अखंड होती, हातभर रुंद, कुठेही जोड नसलेली. एवढ्या रुंदीची फळी निघायला झाड किती वर्षे वाढले असेल, याचा अंदाज मला करता आला नाही.