भंगारातलं डिझाइन बघायला: मिलान, वाइल आम राइन, आइंडहोव्हन

टाकून दिलेल्या किंवा रोज हाताळल्या जाणाऱ्या वस्तूंपासून घडवलेलं डिझाइन एकाच प्रवासात बघायचं असेल, तर इटलीतलं मिलान, जर्मनीतलं वाइल आम राइन आणि नेदरलँड्समधलं आइंडहोव्हन ही तीन ठिकाणं याच क्रमाने घ्यावीत. जायचं ऑक्टोबरमध्ये. आइंडहोव्हनचा डच डिझाइन वीक तेव्हा नऊ दिवस चालतो, आणि एप्रिलमधल्या फर्निचर मेळ्याची मिलानमधली गर्दी केव्हाच ओसरलेली असते. मिलानहून वाइलशेजारच्या बासलला थेट रेल्वे आहे. बासलहून पुढे मात्र जर्मनीतून गाड्या बदलत जावं लागतं, त्यात दिवसाचा मोठा भाग जातो. त्या दिवशी दुसरं काही ठरवू नये.

अशा प्रदर्शनांत बहुतेक जण वस्तू समोरून बघतात, ती कशापासून केली आहे ते ओळखतात, खूश होतात आणि पुढे जातात. मी आधी जोड बघतो. जुनी वस्तू नव्या कामात कशाने धरून ठेवली आहे: स्क्रूने, पट्ट्याने, वेल्डिंगने, की नुसती चिकटवून? डिझाइनरने स्वतः किती विचार केला ते तिथे कळतं. बाकीचं पुष्कळदा मूळ वस्तूचीच पुण्याई असते. त्यासाठी वाकावं लागतं, मागच्या बाजूला जावं लागतं, कधी जमिनीवर बसावं लागतं. संग्रहालयांत हात लावू देत नाहीत, पण वाकायला कोणी हरकत घेत नाही.

मिलानमध्ये ट्रिएन्नाले ही डिझाइनची संस्था गाठायची. मेट्रोच्या कादोर्ना स्टेशनवरून चालत जाता येतं. इमारत जोव्हान्नी मुझिओने बांधलेली, १९३३ची, सेम्पिओने बागेला लागून. आत इटालियन डिझाइनचा संग्रह आहे. मांडणी बदलत असते, त्यामुळे अमुक एक वस्तू दिसेलच असं गृहीत धरून जाऊ नये. पण अकिल्ले आणि पिएर जाकोमो कास्तिल्योनी या भावांचं काम या शहरात कुठे ना कुठे भेटतंच, आणि या विषयाची सुरुवात त्यांच्या मेझाद्रो स्टुलापासूनच करावी.

मेझाद्रोचे मोजून चार भाग: ट्रॅक्टरची पत्र्याची बैठक, वाकवलेली पोलादी पट्टी, खाली आडवा बीच लाकडाचा दांडा, आणि बैठक पट्टीला धरणारा, हाताने फिरवायचा दोन कानांचा नट. बैठकीला भोकं आहेत, कारण शेतात पावसाचं पाणी साचू नये आणि बसणाऱ्याला हवा लागावी. घरात पाऊस नाही, तरी भोकं बुजवलेली नाहीत. पट्टी ट्रॅक्टरवर असते तशीच, फक्त दिशा उलटी केलेली. त्यामुळे बसल्यावर ती थोडी लवते आणि स्टुलाला वेगळी स्प्रिंग लागत नाही. सगळं वजन एकाच पट्टीवर तोललेलं असल्यामुळे स्टूल बाजूला कलंडण्याचा धोका होता, तो खालच्या दांड्याने मिटवला आहे. आता नटाकडे बघा. तिथे वेल्डिंग केलं असतं तर उष्णतेने पट्टीची लवचीकता तिथल्या तिथे बिघडली असती, आणि पुढेमागे तडा गेला असता तो बरोबर त्याच जागी. नटामुळे पट्टीला धक्का लागत नाही आणि स्टूल अवजारांशिवाय सुटं होतं.

हे स्टूल १९५७ साली कोमोच्या व्हिला ओल्मोमधल्या प्रदर्शनात मांडलं गेलं. झानोत्ता या फर्निचर कंपनीने ते उत्पादनात आणायला १९७०चा सुमार उजाडला. विक्रीच्या स्टुलाची बैठक कोणत्याही मोडक्या ट्रॅक्टरवरून काढलेली नसते, ती नव्याने पत्रा दाबून बनते. या प्रदर्शनांमधला हा सर्वांत महत्त्वाचा फरक आहे आणि तो सर्वांत कमी वेळा स्पष्ट लिहिलेला असतो: काही कामं टाकाऊ वस्तूचा आकार घेतात, काही तिचं द्रव्य घेतात. पहिल्या प्रकारात कचऱ्याचा एक किलोही कमी होत नाही. म्हणून ते काम कमी दर्जाचं ठरत नाही, पण कमी कचऱ्याचं श्रेय त्याला देऊ नये.

कास्तिल्योनींचाच १९६२चा तोइओ दिवा दिसला तर त्याचा तळ बघा. वर मोटारीचा हेडलाइट, वायर धरायला मासेमारीच्या गळाच्या काठीवरच्या कड्या, आणि दिव्याला लागणारा ट्रान्सफॉर्मर लपवून न ठेवता तळाशी, वजन म्हणून. एका भागाने दोन कामं केली की एक भाग वाचतो.

याच ट्रिएन्नालेत २०१९ साली पाओला आंतोनेल्ली यांनी मांडलेल्या 'ब्रोकन नेचर' प्रदर्शनात फॉर्माफँटस्मा या स्टुडिओचं 'ओअर स्ट्रीम्स' हे काम होतं. मुळात ते २०१७ साली मेलबर्नच्या नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरियासाठी केलेलं. इलेक्ट्रॉनिक कचऱ्यातले भाग वापरून केलेलं ऑफिसचं फर्निचर त्यात होतं, मोबाइलची कव्हरं, मायक्रोवेव्हच्या जाळ्या अशा वस्तूंसह. फर्निचर देखणं होतं. पण खरा ऐवज त्यासोबतच्या व्हिडिओंमध्ये आणि सूचनांमध्ये होता. सगळ्या उपकरणांना एकाच प्रकारचे स्क्रू वापरा, म्हणजे ती उघडणाऱ्याला दहा प्रकारचे स्क्रूड्रायव्हर लागणार नाहीत. घातक भागांना ठळक रंग द्या. वायरींचं आवरण काळं ठेवू नका. ही शेवटची सूचना ऐकायला क्षुल्लक वाटते. पण कचरा वेगळा करणारी यंत्रं अवरक्त प्रकाश टाकून परत येणाऱ्या किरणांवरून द्रव्य ओळखतात, आणि काळ्या प्लास्टिकमधला काजळीचा रंग तो प्रकाश शोषून घेतो. यंत्राला तिथे काहीच दिसत नाही, आणि आतलं तांबं कचऱ्यासोबत निघून जातं. खुर्च्यांचे फोटो काढून व्हिडिओ न बघता निघणारे प्रदर्शनाचा चांगला अर्धा भाग मागे सोडतात.

वाइल आम राइन हे जर्मनीतलं, पण जायचं स्वित्झर्लंडच्या बासलमधून. बासलच्या बाडिशर बानहोफ स्टेशनवरून ५५ क्रमांकाची बस घ्यावी आणि 'व्हिट्रा' थांब्यावर उतरावं. ८ नंबरची ट्रामही वाइलपर्यंत जाते, पण उतरल्यावर बरंच चालायचं असतं. वाटेत देशाची सीमा लागते. पासपोर्ट जवळ असू द्या, आणि बासलला फ्रँक तर इकडे युरो, हे लक्षात ठेवा.

व्हिट्रा या फर्निचर कंपनीच्या आवारात डिझाइन संग्रहालय आहे. त्याची फ्रँक गेरींनी केलेली १९८९ची पांढरी इमारत सगळे ओळखतात. या विषयासाठी मात्र हर्झोग आणि द म्युरॉं यांनी बांधलेला, २०१६ साली उघडलेला शाउडेपो, म्हणजे संग्रहालयाचा लोकांना खुला साठा, आधी बघावा. संग्रहातल्या सुमारे ४०० वस्तू तिथे फडताळांवर उभ्या असतात. आत जाण्यापूर्वी भिंतीशी थांबा. विटा हाताने फोडून दोन तुकडे केले आहेत आणि फुटलेली बाजू बाहेर ठेवली आहे, त्यामुळे खिडक्या नसलेली एवढी मोठी भिंत सपाट दिसत नाही. विटा नव्याच आहेत, भंगारातल्या नाहीत. फुटकी बाजू सहसा आत लपवतात, इथे ती दर्शनी आहे.

आतल्या प्रत्येक वस्तूच्या माहितीत सालं काळजीपूर्वक वाचा. डिझाइन केल्याचं साल वेगळं, समोरचा नग बनला ते साल वेगळं, आणि बनवणारा कोण तेही वेगळं. हाताने केलेला पहिला नमुना आणि कारखान्यातला नग शेजारी असतील तर जोडांतला फरक नजरेला लगेच जाणवतो: नमुन्यात खिळा वाकडा जातो, कारखान्यात वाकडेपणाही ठरवून आणावा लागतो. ब्राझीलच्या कांपाना बंधूंची १९९१ची फाव्हेला खुर्ची याचं चांगलं उदाहरण आहे. साओ पाउलोतल्या झोपड्या जशा मिळेल त्या फळीने उभ्या राहतात, तशी लाकडाचे छोटे तुकडे चिकटवून आणि खिळे मारून केलेली खुर्ची. एद्रा या इटालियन कंपनीने २००३पासून ती बनवायला घेतली. शेकडो तुकडे असल्यामुळे एखादा निघाला तरी खुर्ची उभी राहते. पण डिंक आणि खिळा दोन्ही असल्यामुळे ती पुन्हा सुटी करता येत नाही. खिळा उपटला तर लाकूड चिरतं, आणि डिंक लागलेलं लाकूड रंध्याला नकोसं असतं. टाकाऊतून आलेली वस्तू पुन्हा टाकाऊ झाली की तिचं पुढे काही करता येत नाही.

आइंडहोव्हनला सगळ्यांत जास्त वेळ ठेवा. मुख्य स्टेशनवरून एकच स्टेशन पुढे स्ट्राइप-एस, फिलिप्सच्या जुन्या कारखान्यांचा भाग. तिथली घड्याळाची इमारत, क्लोकगेबाऊ, डिझाइन वीकच्या मुख्य जागांपैकी एक. बाकीच्या जागा शहरभर पसरलेल्या असतात. सायकल भाड्याने घेतली तर दिवस सार्थकी लागतो, बसची वाट बघण्यात तो वाया जातो.

पिट हाइन एक यांची जागा फिलिप्सच्याच एका जुन्या कारखान्यात आहे. कार्यशाळा, दुकान आणि गॅलरी एकत्र. १९९० साली आइंडहोव्हनच्या डिझाइन अकादमीतून बाहेर पडताना त्यांनी भंगार लाकडाचं कपाट केलं, तिथून हे सगळं सुरू झालं. रंगाचे पोपडे, खिळ्यांची भोकं, वेगवेगळ्या जाडीच्या फळ्या, आणि त्यावर चकचकीत लॅकर. त्यांचा हिशेब सरळ आहे: द्रव्य महाग आणि मेहनत फुकट असं धरून काम करायचं. त्यातूनच पुढे उरलेल्या तुकड्यांचेही ४० मिलिमीटर बाय ४० मिलिमीटरचे ठोकळे कापून केलेलं फर्निचर आलं.

हे काम सोपं वाटतं आणि घरी करून बघणारे बहुतेक जण फसतात. जुन्या फळीतला एक खिळा राहिला की रंध्याच्या पात्याला दात पडतो, आणि पुढच्या प्रत्येक फळीवर त्याच जागी उंच रेघ उमटते. म्हणून आधी धातुशोधक फिरवायचा. उघड्यावर राहिलेल्या लाकडात १५ ते २० टक्के ओलावा असू शकतो, घरात तो १० टक्क्यांच्या आसपास येतो. न वाळवता चिकटवलं तर हिवाळ्यात हीटर लागला की सांधे उघडतात. दोन जातींची लाकडं वेगवेगळी आक्रसतात, म्हणून पट्ट्या अरुंद ठेवायच्या, म्हणजे प्रत्येक सांध्याच्या वाट्याला थोडाच ताण येतो. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तो सुका घासायचा नाही. आणि सुटलेल्या पोपड्यावर लॅकर मारलं तर लॅकरला रंग धरतो, पण रंगाला लाकूड धरत नाही. वर्षभरात सगळा थर पापुद्र्यासारखा सुटतो. आधी सुटा रंग खरवडायचा, मग पातळ हात, वाळल्यावर पुढचा.

तेयो रेमीचं १९९१चं ड्रॉवरचं कपाट ड्रूग या डच डिझाइनरांच्या गटामुळे जगभर गेलं. इकडून तिकडून जमवलेले ड्रॉवर, प्रत्येकाला मेपल लाकडाची नवी पेटी, आणि सगळ्यांना मिळून आवळणारा एक तागाचा पट्टा. एकही खिळा एका ड्रॉवरला दुसऱ्याशी बांधत नाही. पट्टा सोडला की प्रत्येक ड्रॉवर आपल्या पेटीसह मोकळा. जोडाच्या दृष्टीने मला याहून सरस काम माहीत नाही. त्यांचाच दुधाच्या बाटल्यांचा दिवा: १२ बाटल्या, क्रेटमध्ये असतात तशा चार-चारच्या तीन ओळींत, जमिनीजवळ टांगलेल्या. काच वाळूच्या माऱ्याने धूसर केली आहे, नाहीतर आतल्या बल्बची तापलेली तार डोळ्यांना बोचली असती. मूळ बल्ब १५ वॅटचे, कारण अरुंद तोंडाच्या बाटलीत उष्णता कोंडते. रोडी ग्राउमन्सच्या १९९३च्या झुंबरातही १५ वॅटचेच बल्ब, पण ८५. एकूण १२७५ वॅट. एका छतावरच्या तारेवर एवढा भार टाकण्याआधी हा गुणाकार करावा.

डिझाइन वीकमध्ये प्लास्टिकच्या रंगीबेरंगी पत्र्यांची कामं भरपूर असतात. त्यामागे बहुतेक वेळा डेव्ह हाकन्स यांनी २०१३ साली इथल्याच अकादमीत सुरू केलेल्या 'प्रेशस प्लास्टिक'ची खुली यंत्रं असतात: तुकडे करणारं, वितळवून ढकलणारं, साच्यात दाबणारं. पत्र्याची कड जवळून बघा. थर दिसत असतील तर एचडीपीई आणि पॉलिप्रॉपिलीन ही दोन जातींची प्लास्टिकं मिसळली गेली आहेत. दोन्ही पाण्यावर तरंगतात, म्हणून पाण्याच्या हौदात वेगळी होत नाहीत, आणि वितळल्यावर एकमेकांना धरत नाहीत. पत्रा वाकला असेल तर तो दाबाखाली न ठेवता घाईने बाहेर काढला आहे. एचडीपीई थंड होताना दोन-तीन टक्के आक्रसतं आणि एका बाजूने आधी थंड झालं की तिकडे ओढलं जातं. पीव्हीसी तर जवळही येऊ द्यायचं नाही, तापवल्यावर त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. एक मीटर बाय एक मीटर, २० मिलिमीटर जाडीचा पत्रा म्हणजे सुमारे १९ किलो प्लास्टिक. ते सगळं धुऊन, लेबलं काढून, जातीनुसार निवडलेलं लागतं.

डिझाइन अकादमीचं पदवी प्रदर्शन याच दिवसांत भरतं, जागा दरवर्षी बघून घ्यावी. इथे वस्तू करणारा बहुधा शेजारीच उभा असतो. कौतुक झाल्यावर नेमके प्रश्न विचारा: हा कच्चा माल कुठून आला, पुढच्या महिन्यात तसाच मिळेल का, मिळाला नाही तर वस्तूचं माप बदलेल का, आणि हा जोड उघडायला काय लागतं. स्क्रूड्रायव्हर काढून दाखवणाऱ्यांपाशी थांबा. ते अर्धा तास बोलतात आणि फसलेले नमुने टेबलाखालून बाहेर काढतात.