अमेरिकेहून आलेल्या टेपमधलं लेझीम गचके का खातं

तिकडच्या गणेशोत्सवाची जुनी मिनीडीव्ही (डिजिटल कॅमकॉर्डरची छोटी) टेप इकडच्या चित्रणाला जोडायची, हे काम आजही येतं. संपादनाच्या सॉफ्टवेअरमधली टाइमलाइन, म्हणजे क्लिप ओळीने मांडायची पट्टी, इकडे सेकंदाला २५ फ्रेमची (चित्रांची) असते आणि तिकडची क्लिप २९.९७ची. क्लिप टाइमलाइनवर ओढली की सॉफ्टवेअर ती मुकाट्याने घेतं. चित्र दिसतं, आवाजही जुळतो. मग लेझीम सुरू होतं आणि हात सरकायच्या ऐवजी उड्या मारायला लागतात.

त्याचं कारण साधं गणित आहे. २९.९७चे २५ करताना सॉफ्टवेअर साधारण दर सहावी फ्रेम टाकून देतं. म्हणजे चार वेळा हात ३३ मिलिसेकंदांइतका पुढे जातो आणि पाचव्या वेळी एकदम ६७. हा गचका सेकंदाला पाच वेळा बसतो. बसून बोलणाऱ्या माणसावर तो कळत नाही, पण कॅमेरा आडवा फिरला की लगेच डोळ्यांत खुपतो. फ्रेम ब्लेंडिंग, म्हणजे शेजारच्या फ्रेम एकमेकींत मिसळणं, लावलं तर गचका जातो खरा, पण एका हाताचे दोन फिकट हात होतात. मला तो उपाय मूळ दुखण्यापेक्षा वाईट वाटतो.

खरी गोष्ट अशी की त्या टेपवर सेकंदाला ३० चित्रं नाहीतच, जवळजवळ ६० आहेत. एनटीएससी या अमेरिकेतल्या व्हिडिओ पद्धतीत टेपवरची प्रत्येक फ्रेम दोन फील्डची, म्हणजे दोन अर्ध्या चित्रांची असते. एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम, आणि दोन्ही वेगवेगळ्या क्षणी टिपलेल्या. ५९.९४ फील्डमधून निवड केली तर २५ फ्रेमसाठीची पावलं ३३, ५०, ३३, ५० अशी पडतात आणि ६७ची उडी उरत नाही. ५० फील्डचं किंवा ५० फ्रेमचं आउटपुट चालणार असेल तर हालचाल आणखी मऊ येते. म्हणून रूपांतर टाइमलाइनवर सोडू नये. ते आधी, वेगळं आणि ठरलेल्या क्रमाने करावं: आधी फील्ड सुटी, मग आकार, शेवटी फ्रेम रेट.

हा क्रम उलटवला की चित्र वाया जातं. ४८० ओळींचं इंटरलेस (दोन फील्ड एकात गुंफलेलं) चित्र तसंच ताणून इकडच्या पाल पद्धतीच्या ५७६ ओळींचं केलं तर दोन क्षणांच्या ओळी एकमेकींत मिसळतात. मग हलणाऱ्या कडांवर कंगव्याच्या दातांसारख्या रेघा भाजल्यासारख्या बसतात. नंतर कुठलाही डीइंटरलेसर (फील्ड सुटी करणारं साधन) त्या सोडवू शकत नाही.

फील्ड सुटी करायला अ‍ॅव्हीसिंथ या प्रोग्रॅममधलं क्यूटीजीएमसी सर्वांत चांगलं, पण संथ. घाई असेल तर एफएफएमपेग या प्रोग्रॅमचा बीडब्ल्यूडीआयएफ फिल्टर 'सेंड फील्ड' मोडवर चालवा. दोन्हींतून सेकंदाला ५९.९४ पूर्ण फ्रेम मिळायला हव्यात. २९.९७च मिळाल्या तर निम्मी हालचाल तिथेच गेली. डीव्हीमध्ये खालचं फील्ड आधी असतं, १०८०आय एचडीव्हीमध्ये (टेपवरच्या एचडी प्रकारात) वरचं. सॉफ्टवेअरच्या अंदाजावर विसंबू नका. सुट्या केलेल्या फ्रेम एकेक करून पुढे सरकवा आणि उजवीकडे जाणारा एखादा हात बघा. तो पुढे, मागे, पुढे, मागे असा थरथरत गेला तर फील्डचा क्रम उलटा लागला आहे.

आकाराचं काम सोपं आहे. ७२० बाय ४८० पासून ७२० बाय ५७६ करताना फक्त उंची ताणायची, रुंदीला हात लावायचा नाही, कारण एनटीएससी आणि पाल या दोन्ही पद्धतींतला पिक्सेलच्या आकाराचा फरक तेवढ्यानेच भरून निघतो. १०८०च्या टाइमलाइनसाठी मधले ७०४ पिक्सेल घेऊन १४४० बाय १०८० करा आणि दोन्ही बाजूंना २४० पिक्सेल काळे ठेवा. बाजू भरायला चित्र रुंद केलं की सगळी माणसं बुटकी होतात. एचडीत नेताना रंगाचं मॅट्रिक्सही (रंग मोजायचं गणित) ६०१ या जुन्या मानकावरून ७०९ या एचडीच्या मानकावर बदला, नाहीतर त्वचेचा आणि हिरव्याचा रंग सरकतो. मधली फाइल प्रोरेस ४२२ या फॉरमॅटमध्ये ठेवा. एनटीएससी डीव्हीत रंगाची माहिती आडव्या दिशेने आधीच चौथाई असते. तिला ४:२:० या रंग कमी साठवणाऱ्या प्रकारात कोंबलं तर उभ्या दिशेनेही निम्मी होते आणि लाल नऊवारीची कड विरघळते.

ऑप्टिकल फ्लो, म्हणजे मधल्या फ्रेम अंदाजाने नव्याने बनवणं, सरसकट लावू नका. संथ पॅनवर (कॅमेरा आडवा फिरताना) तो सुंदर काम करतो, पण लेझमीच्या साखळ्या, एकमेकांसमोरून जाणारे हात आणि खिडकीचे गज तो वितळवून टाकतो. तेवढ्या शॉटला फ्रेम निवडणंच बरं.

आवाजाचा वेग बदलायची गरज नसते. ३२ किलोहर्ट्झवर भरलेली टेप असेल तर तेवढी ४८वर आणा. तासाभराच्या क्लिपची लांबी मात्र तपासा. ती जवळजवळ ७२ मिनिटं झाली असेल तर २९.९७ला २५ समजून चालवलं गेलंय. आणि आवाज तासाला ३.६ सेकंद सरकत असेल तर कुणीतरी २९.९७च्या जागी ३० लिहिलंय.

टेप व्हीएचएस असेल तर एक अडचण आधीच येते. इकडचे बरेच पाल व्हीसीआर एनटीएससी कॅसेट 'पाल ६०', म्हणजे रंग पालचे पण फील्ड सेकंदाला ६०, अशा मिश्र रूपात वाजवतात. टीव्हीवर रंग दिसतात, पण अनेक कॅप्चर कार्डांत चित्र कृष्णधवल येतं. खरा एनटीएससी डेकच शोधावा लागतो.

आता टेपऐवजी फोनच्या क्लिप येतात. त्यांचा फ्रेम रेट बऱ्याचदा बदलता असतो, तो हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये आधी स्थिर करून घ्या. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये पाल फॉरमॅट दाखवण्याचा पर्याय आहे. इकडे चित्रण करणाऱ्यांना तो चालू करून २५ निवडायला सांगा. तिकडच्यांना मात्र २५ सांगू नका. तिथली वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्त एलईडीखाली चित्र लुकलुकू शकतं. त्यांना ६० फ्रेमवर चित्रण करायला सांगा. मग फील्ड सोडवण्याची पायरीच उरत नाही आणि निवडायला चित्रं तेवढीच मिळतात.