तुम्ही विचारलंत म्हणून: मंत्राचं मेडिटेशन आणि नामस्मरण एकच का?

मी मेडिटेशनही करते आणि घरी माळही ओढते हे कळलं की कोणीतरी विचारतंच, अहो शेवटी दोन्ही एकच ना? मूळ एकच आहे. पण करणाऱ्याला दोन्हींत फार वेगळं काही मिळतं असं मला मनापासून वाटतं.

मी जे शिकले ते भावातीत ध्यान, महर्षी महेश योगींचं, ज्यासाठी 1968 मध्ये बीटल्स ऋषिकेशला येऊन राहिले होते. खुर्चीत आरामात बसायचं, दोन वेळा वीस-वीस मिनिटं, मिळालेला मंत्र मनातल्या मनात येऊ द्यायचा, जबरदस्ती नाही, मन भरकटलं की हळूच परत यायचं. मंत्र कोणाला सांगायचा नाही आणि त्याचा अर्थही बघायचा नाही. आपल्याकडे वाचिक (मोठ्याने), उपांशु (ओठांतल्या ओठांत) आणि मानस (मनातल्या मनात) असे जपाचे प्रकार आहेत त्यातला हा मानस, म्हणजे तंत्र काही नवीन नाही. पण क्लासवाले जे म्हणतात ना की यात धर्माचं काहीच नाही, ते मला पटत नाही. शिकवायच्या आधी शिक्षक महर्षींच्या गुरूंच्या, म्हणजे ज्योतिर्मठाचे शंकराचार्य स्वामी ब्रह्मानंद सरस्वती यांच्या फोटोसमोर संस्कृतमध्ये पूजा करतात, आपण फुलं, फळं आणि पांढरा रुमाल न्यायचा. न्यू जर्सीच्या सरकारी शाळांत हे शिकवायला लागले तेव्हा तिथल्या अपील कोर्टाने 1979 मध्ये ते धार्मिकच ठरवलं. पूजा आहे तर आहे म्हणा की, त्यात लपवायचं काय?

उलट हार्वर्डचे डॉक्टर हर्बर्ट बेन्सन. त्यांनी हेच ध्यान करणाऱ्यांवर अभ्यास केला आणि 1975 मध्ये मांडलं की 'वन' असा साधा इंग्रजी शब्द घोळवत बसलात तरी शरीर तसंच शांत होतं. मला हे मान्य आहे. नाडी आणि श्वास संथ व्हायला देव लागत नाही.

पण नामस्मरण कोणी नाडीसाठी करत नाही हो! माझ्या सासूबाई गोंदवल्याच्या महाराजांचं 'श्रीराम जय राम जय जय राम' घेतात, भाजी निवडताना, बेस्टच्या रांगेत, कुठेही. आज मन लागलं का हे त्या कधी तपासत नाहीत, मन लागो न लागो रामाला हाक मारायची, पुढचं तो बघेल. मी मात्र वीस मिनिटं झाली की स्वतःलाच विचारते, ताण गेला का, हलकं वाटतंय का, आणि नाही वाटलं तर तो दिवस फुकट गेल्यासारखा वाटतो. बाबा आयसीयूत होते तेव्हा बाहेर बाकड्यावर बसून मी आधी मंत्रच धरायला गेले, तो काही केल्या धरता येईना, पण रामाचं नाम आपोआप तोंडात आलं, कारण तेव्हा मला शांत व्हायचंच नव्हतं, मला कोणाकडे तरी काहीतरी मागायचं होतं.

आणि नाम एकट्याचं नसतं. लोकलमधली भजनी मंडळं बघा, टाळ वाजले की डब्यातला अनोळखी माणूसही 'राम कृष्ण हरी' म्हणतो, फी नाही आणि गुप्त तर काहीच नाही.

तेव्हा ताणासाठी, झोपेसाठी हवं असेल तर मेडिटेशन जरूर शिका, मीही सोडणार नाहीये. फक्त त्यातच भक्ती पण उरकली असं समजू नका, आषाढीला वडाळ्याच्या विठोबाला रांगेत उभे राहाल तेव्हा नामच घ्या, आणि चांगलं मोठ्याने घ्या.