खिडकी जुळली! (साठच्या दशकातला ‘आवाज’)

दुरुस्तीला घेतलेल्या ‘आवाज’ दिवाळी अंकातली, मागच्या नोंदीत सांगितलेली दोन मिलिमीटरची तफावत अखेर गेली! मुखपृष्ठात कापलेल्या खिडकीतून दिसणारा आतल्या पानावरचा हात आता वरच्या चित्रातल्या बाहीला बरोबर लागतो.

खिडकीच्या कडा भिंगाखाली स्वच्छ दिसत होत्या, म्हणजे खिडकी कापणारा साचा (डाय) निर्दोष. घोटाळा कण्यात, म्हणजे अंकाच्या बांधणीच्या कडेत होता. कुणीतरी मध्यंतरी अंक पुन्हा बांधताना कण्यावर सरस थापला होता आणि आतलं पहिलं पान त्यात ओढलं गेलं होतं. साध्या मुखपृष्ठाला याने काही बिघडत नाही. खिडकीचित्रात मात्र पान जरा सरकलं की विनोदच जातो. ‘मनोरंजन’च्या 1909च्या अंकापासून दिवाळी अंकांची मुखपृष्ठं आपण न्याहाळत आलो, पण 1951मध्ये ‘आवाज’ काढणाऱ्या मधुकर पाटकरांनी वाचकाला पान उलटून बघायला लावलं. ती गंमत वाचवायची, तर जुळणी चोख हवीच.

सरस ओलाव्याने मऊ होतो, पण आर्ट पेपर (लेप दिलेला गुळगुळीत कागद) भिजला की त्याचा लेप शेजारच्या पानाला चिकटतो. त्यामुळे ओला बोळा बाद. मेथिल सेल्युलोजचा (ओल हळूहळू सोडणाऱ्या जेलचा) घट्ट थर फक्त कण्यावर दिला, पानांत पॉलिएस्टरच्या पट्ट्या सरकवल्या, सरस फुगला की बोथट पट्टीने खरवडला, पुन्हा थर. फार संथ काम, पण शाईला धक्का नाही. गंजक्या पिनाही त्यातच सुटल्या.

तरी अर्धा मिलिमीटर उरलाच. कागद ग्रेनच्या, म्हणजे त्यातल्या तंतूंच्या दिशेच्या, आडव्या बाजूला जास्त आक्रसतो आणि इथे ग्रेन कण्याला समांतर आहे, म्हणजे पान रुंदीत आक्रसलेलं. ओल देऊन पान ताणायचा बेत होता, पण आर्ट पेपर भिजवायचा नाही, म्हणून तो रद्द. त्याऐवजी पान जपानी टिश्यूच्या (पातळ पण चिवट कागदाच्या) गार्डवर, म्हणजे कण्याशी जोडणाऱ्या पट्टीवर बसवलं, म्हणजे चिकटवण्याआधी हवं तसं सरकवता आलं. खळ गव्हाच्या सत्त्वाची, घरीच शिजवलेली. तयार पुडीपेक्षा ती कितीतरी मऊ बसते. पांढरा सिंथेटिक गोंद जुन्या अंकाजवळ आणूच नये, तो पुन्हा सुटत नाही. आर्ट पेपरवर घडी दाबायला टेफ्लॉनचा फोल्डर (घडी दाबायची पट्टी) घ्या, हाडाचा चकाकी उठवतो.

हे लिहिताना सुचलं: आतल्या पानांवरच्या खिडक्यांनाही असेच गार्ड लावता येतील. मग सगळा अंक उसवायची गरजच नाही. पिनांऐवजी दोरा ओवण्याचं काम आता त्यानंतर.