दीड मिनिटाच्या रागापायी डिस्ट्रो बदलली

जुन्या लॅपटॉपवर (४ जीबी रॅम, बॅटरी नावापुरती) डेबियन (लिनक्सच्या अनेक डिस्ट्रो म्हणजे आवृत्त्यांपैकी एक) मस्त चालू होतं, मग एक दिवस अचानक बूट होताना 'स्टार्ट जॉब इज रनिंग' म्हणून अडकायला लागलं, पुढे दीड मिनिट नुसते सेकंद मोजत बसायचं. दोन-तीन दिवस सहन केलं, मग डोकं फिरलं. म्हटलं सिस्टमडीला (बूट होताना मागे चालणारे प्रोग्राम, म्हणजे सर्व्हिसेस, सुरू करतं ते) शिव्या घालणारे लोक उगाच नाही घालत.

तसं हे भांडण जुनं आहे. लेनार्ट पॉटरिंग आणि के सिव्हर्सनी २०१० मध्ये सिस्टमडी आणलं, २०११ मध्ये फेडोरा १५ ने ते घेतलं, आणि डेबियनमध्ये तर २०१४ ला टेक्निकल कमिटीत मतं समसमान पडून अध्यक्षांच्या जादा मतावर निकाल लागला. ज्यांना पटलं नाही त्यांनी वेगळी चूल मांडली, तीच डेव्हुआन, म्हणजे सिस्टमडी नसलेलं डेबियन.

मी डेव्हुआन नाही घेतली, व्हॉइड नावाची दुसरी डिस्ट्रो घेतली, कारण तिच्यात सिस्टमडीच्या जागी असलेलं रनिट बघायचं होतं. आणि खरं सांगतो, प्रेमात पडलो. एक सर्व्हिस म्हणजे एक फोल्डर, त्यात रन नावाची चार ओळींची स्क्रिप्ट, त्या फोल्डरची लिंक व्हार-सर्व्हिस फोल्डरमध्ये टाकली की सर्व्हिस चालू, लिंक काढली की बंद. बास. काय चाललंय ते अख्खं डोक्यात मावतं, सिस्टमडीबद्दल असं म्हणायची माझी तरी छाती नाही.

मग आठवड्याभराने वायफाय गेलं. सवयीने लॉग, म्हणजे सिस्टमच्या नोंदी, बघायला गेलो तर लॉगच नाही! व्हॉइडमध्ये नोंदी ठेवणारं सिसलॉग आपणहून येत नाही, त्यासाठी सॉकलॉग आपण टाकायचं असतं. ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनचंही तेच. डेबियनवर माझा बॅकअप सिस्टमडीच्या टायमरने चालायचा, त्यात पर्सिस्टंट लिहिलेलं असल्यामुळे रात्री लॅपटॉप बंद असला तरी सकाळी चालू केल्यावर राहिलेला बॅकअप होऊन जायचा, ते सुख इथे स्वतः जुळवावं लागलं. सिस्टमडीच्या जर्नलमधले लॉग बायनरी (साध्या एडिटरमध्ये न वाचता येणारे) असतात म्हणून मीही पूर्वी नाकं मुरडायचो, पण निदान असायचे तरी हो.

आणि आता खरी गंमत. व्हॉइडवर एफएसटॅब (बूट होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्याची यादी) नव्याने लिहायची म्हणून जुनी फाइल उघडली, तर त्यात माझीच एक ओळ, बाहेरच्या हार्डडिस्कची, जी डिस्क मी महिन्याभरापूर्वी भावाला देऊन टाकली होती. म्हणजे सिस्टमडी बिचारं ती डिस्क येईल म्हणून दीड मिनिट वाट बघत होतं. ओळ काढली असती किंवा त्यात नुसतं नोफेल (डिस्क नसली तरी अडू नकोस) लिहिलं असतं तरी भागलं असतं.

कामाच्या लॅपटॉपवर गुपचूप डेबियनच ठेवलंय. जुन्यावर व्हॉइड आहे, ते काढायचं मन होत नाही, सॉकलॉग टाकलंय आता. आणि भाऊ विचारतोय डिस्क परत पाहिजे का.