निघोजचे रांजणखळगे : पाणी बघायचं की खळगे, ते आधी ठरवा

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या निघोजच्या रीलमध्ये फेसाळतं पाणी आणि रांजणखळगे, म्हणजे नदीच्या कातळातले रांजणासारखे खोल खड्डे, एकापाठोपाठ दाखवतात. प्रत्यक्षात दोन्ही एकाच दिवशी मिळत नाहीत. कुकडी नदीला पूर असला की खळगे पाण्याखाली, आणि खळगे उघडे पडले की मधल्या घळीत हिरवट संथ पाणी. पावसाळ्यात गेलात तर पुलावरून गढूळ लोंढा बघून परत याल. खळग्यांसाठी फेब्रुवारी ते मे, तेही सकाळी लवकर. दुपारी तो काळा बेसॉल्ट कातळ तव्यासारखा तापतो.

शिरूरहून टाकळी हाजीच्या बाजूने या किंवा थेट निघोजला. दोन्ही काठांवर मळगंगा देवीचं देऊळ आहे. रस्त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पार्किंगचे पैसे मागितले तर पावती मागा, नाहीतर परतताना दुसरा कोणीतरी पुन्हा हात पसरतो. चैत्र वद्य अष्टमीच्या यात्रेत कातळ बघायला येऊ नका, माणसंच दिसतील.

आता खरी धोक्याची जागा: खळग्यांचा काठ. कातळातल्या भेगेशी किंवा ठिसूळ जागी पुराच्या पाण्याचा भोवरा धरतो, त्यात वाळू आणि गोटे अडकून गरगरत राहतात. कातळ कापतात ते हेच गोटे. नुसत्या पाण्याने एवढं होत नाही. म्हणून काठ काचेसारखा गुळगुळीत होतो आणि कित्येक खळग्यांचं पोट तोंडापेक्षा रुंद असतं. आत पडलेल्याला वर यायला पकड मिळत नाही, पोहता येत असलं तरी. ओल्या, शेवाळलेल्या पट्ट्यावर चांगले ट्रेकिंगचे बूटही घसरतात. काठापासून दोन हात लांब राहा आणि सेल्फीचं तर नावच काढू नका. वरच्या अंगाला माणिकडोह, येडगाव ही धरणं आहेत. नदीत आवर्तन, म्हणजे शेतीसाठी धरणाचं पाणी, सोडलंय का, हे गावात विचारूनच खाली उतरा. आकाश निरभ्र असतानाही पाणी वाढतं.

बघायचं काय? वरच्या पायरीवरचा एखादा कोरडा खळगा निवडा. भिंतीवर आडव्या-तिरक्या खाचा दिसतील, गोट्यांच्या फिरण्याच्या खुणा. तळाशी गाळात तेच गोटे पडलेले असतात, झिजून अंड्याएवढे झालेले. मग दोन खळग्यांमधली पातळ भिंत शोधा. ती फुटली की दोन्ही एक होतात. अशा भिंती ओळीने फुटत गेल्या की सलग घळ तयार होते. कुकडीचं पात्र इथे असंच खोल गेलंय. हे कळलं की तासभर हलवत नाही, इतकं भारी आहे ते.

गोटे खिशात घालून आणू नका. माणशी दोन लिटर पाणी घ्या, कातळावर सावली नाही. लहान मुलं असतील तर खाली न उतरता झुलत्या पुलावरूनच दाखवा.