जमीन विकता न येणारे राज्य

टोंगाच्या राज्यघटनेत असे एक कलम आहे की राजा असो, सरदार असो वा सामान्य प्रजाजन, या देशातील जमीन कोणालाही, कधीही विकता येणार नाही. फार तर ती भाडेपट्ट्याने देता येईल. ही घटना ४ नोव्हेंबर १८७५ रोजी दिली गेली आणि अनेक दुरुस्त्यांसह आजही लागू आहे. एकोणिसावे शतक संपेपर्यंत पॅसिफिकमधील जवळजवळ प्रत्येक बेटावर कोणत्या ना कोणत्या परकीय सत्तेचा झेंडा लागला होता, पण टोंगाचे राजघराणे मात्र गादीवरून हलले नाही. याचे श्रेय इतिहासकार राजाच्या मुत्सद्देगिरीला, मिशनऱ्यांच्या पाठबळाला आणि ब्रिटनशी झालेल्या तहाला देतात, आणि ते योग्यच आहे. मला मात्र या सगळ्याच्या बुडाशी जमिनीचे हे कलम दिसते, आणि आज या राज्यापुढे जो पेच उभा आहे त्याची मुळेही तिथेच सापडतात.

कलमाचे वजन कळायला मुळात जमीन किती आहे ते पाहावे लागते. फिजीच्या आग्नेयेला, दक्षिणोत्तर सुमारे ८०० किलोमीटरच्या समुद्रपट्ट्यात १७० च्या आसपास बेटे विखुरलेली आहेत. त्यांचे एकूण क्षेत्रफळ जेमतेम ७५० चौरस किलोमीटर भरते आणि कायमची वस्ती फारच थोड्या बेटांवर आहे. लोकसंख्या एक लाखाच्या घरात असून त्यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक लोक एकट्या टोंगाटापू बेटावर राहतात, जिथे राजधानी नुकुआलोफा आहे. उत्तरेकडे हाआपाई आणि वावाऊ हे द्वीपसमूह, आणखी पलीकडे सामोआच्या वाटेवर दोन-तीन एकाकी नियुआ बेटे, आणि टोंगाटापूच्या शेजारी डोंगराळ एउआ, अशी ढोबळ रचना आहे.

या बेटांच्या दोन समांतर ओळी आहेत. पूर्वेला समुद्रतळाशी टोंगा गर्ता आहे. तिची खोली १०,८०० मीटरपर्यंत जाते आणि मारियाना गर्तेनंतर जगात तिचाच क्रमांक लागतो. तिथे पॅसिफिक भूपट्ट खाली सरकतो आणि त्यामुळे पश्चिमेची ओळ ज्वालामुखींची झाली आहे. हजार मीटरांहून उंच, शंकूसारखे काओ बेट याच ओळीतले. पूर्वेकडची बेटे प्रवाळाच्या चुनखडकाची, बहुतांशी सखल आहेत, पण शेजारच्या ज्वालामुखींची राख शतकानुशतके त्यांच्यावर पडत आल्याने त्यांची माती सुपीक आहे. टोंगाटापूवर नदी नाही, त्यामुळे छपरावरचे पावसाचे पाणी टाकीत साठवणे हा घरोघरचा परिपाठ आहे. शेतात कोनफळ, अळकुड्या, रताळी आणि कसावा पिकतो. गावाचा मान शोभेल अशा पंगतीत लांबलचक कोनफळ पुढे मांडल्याशिवाय चालत नाही.

ज्या राखेने माती घडवली तिनेच १५ जानेवारी २०२२ रोजी पाणी नासवले. हुंगा टोंगा–हुंगा हाआपाई या समुद्रातील ज्वालामुखीचा त्या संध्याकाळी जो स्फोट झाला, त्याचा लोट ५० किलोमीटरहून अधिक उंच गेला आणि हवेच्या दाबाची लाट पृथ्वीला अनेक फेऱ्या घालून गेली. काही किनाऱ्यांवर त्सुनामीची उंची पंधरा मीटरपर्यंत पोहोचली. समुद्राखालची केबल तुटल्याने देशाचा बाहेरच्या जगाशी असलेला इंटरनेट संपर्क सुमारे पाच आठवडे जवळजवळ बंद होता. एवढ्या स्फोटाच्या मानाने मृत्यू मोजकेच झाले, पण मांगो बेटावरची सगळी घरे वाहून गेली आणि तिथल्या रहिवाशांना एउआवर नवी वसाहत करून द्यावी लागली. जिथे जमीन विकतच घेता येत नाही, तिथे आपत्तीग्रस्तांना हक्काची जागा द्यायची म्हणजे राजाच्या किंवा सरदाराच्या जहागिरीतूनच द्यावी लागते.

टोंगात माणसे आली ती सुमारे २,८०० वर्षांपूर्वी. दहाव्या शतकाच्या सुमारास तुई टोंगा या राजपदाची परंपरा सुरू झाली आणि भरभराटीच्या काळात तिचा दरारा शेजारच्या द्वीपसमूहांपर्यंत पोहोचला. टोंगाटापूच्या पूर्व टोकाला हाआमोंगा नावाची प्रचंड शिळांची कमान उभी आहे. दोन उभ्या चिऱ्यांवर एक आडवा चिरा, आणि उंची पाच मीटरांहून अधिक. परंपरा ती तेराव्या शतकातील एका राजाच्या नावे सांगते. कॅप्टन कुकने इथल्या आदरातिथ्यावर खूश होऊन या बेटांना ‘मित्रांची बेटे’ म्हटले, पण त्याच पाहुणचारादरम्यान त्याला ठार करण्याचा बेत यजमानांनी रचला होता, असे पुढच्या एका वृत्तांतात नोंदले आहे.

आधुनिक राज्य घडवले ते हाआपाईच्या टाउफाआहाऊ या सरदाराने. १८३१ मध्ये त्याने बाप्तिस्मा घेतला आणि इंग्लंडच्या राजावरून जॉर्ज हे नाव धारण केले. पुढे तो पहिला जॉर्ज टुपोऊ म्हणून ओळखला गेला. १८३९ मध्ये त्याने वावाऊत लिखित कायदे जाहीर केले, लढाया करून बेटे एका छत्राखाली आणली आणि ४ जून १८६२ रोजी सरदारांची वेठबिगारी रद्द केली. १८५३ मध्ये तो सिडनीला गेला असता स्वतःची जमीन नसलेली माणसे रस्त्यावर पाहून अस्वस्थ झाला, अशी आठवण सांगितली जाते. तिचे तपशील काहीही असोत, नंतर आलेल्या व्यवस्थेशी ती सुसंगत आहे. सर्व जमीन राजसत्तेची ठरली, निवडक सरदारांना वंशपरंपरागत जहागिरी मिळाल्या, आणि पुढच्या कायद्यांनी सोळा वर्षांवरील प्रत्येक पुरुषाला त्या जहागिरीतून किंवा राजसत्तेच्या जमिनीतून सव्वाआठ एकरांचे शेत आणि गावात घरापुरती जागा मागण्याचा हक्क दिला.

शेजारच्या फिजीत १८७९ पासून भारतीय गिरमिटिये उसाच्या मळ्यांवर नेले गेले. टोंगात अशा मळ्यांसाठी परकीयांच्या हाती जमीनच जाऊ शकली नाही, आणि ज्यांच्या मालमत्तेच्या रक्षणाचे निमित्त करून साम्राज्ये आत शिरतात, तो मळेवाल्यांचा वर्गही तिथे मूळ धरू शकला नाही. जर्मनीने १८७६ मध्ये आणि ब्रिटनने १८७९ मध्ये टोंगाशी करार केले. १९०० च्या तहाने परराष्ट्र व्यवहार ब्रिटनकडे गेले खरे, पण राजा, घटना आणि जमीन टोंगाकडेच राहिली. हे संरक्षित राज्याचे नाते ४ जून १९७० रोजी संपले.

या काळातील सर्वांत प्रिय राज्यकर्ती म्हणजे राणी सालोटे. ती अठराव्या वर्षी, १९१८ मध्ये गादीवर आली आणि १९६५ पर्यंत तिने राज्य केले. तिची काव्ये आणि नृत्यगीते अजूनही सादर होतात. १९५३ मध्ये लंडनला एलिझाबेथ राणीच्या राज्याभिषेकाच्या मिरवणुकीत पाऊस कोसळत असतानाही सालोटेने आपल्या बग्गीचे छप्पर उघडेच ठेवले, आणि भिजत, हसत हात हलवणारी ती उंचीपुरी राणी लंडनकरांच्या चांगलीच लक्षात राहिली.

टोंगाच्या समाजात माणसाचा दर्जा खानदानाप्रमाणेच नात्यावरूनही ठरतो, आणि कुटुंबात बहिणीचा मान भावाच्या वर असतो. वडिलांची बहीण ही तर घरातील सर्वांत मानाची व्यक्ती. आपल्याकडे बारशाला बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा असतो, पण टोंगातील आत्याचा अधिकार त्याहून कितीतरी मोठा आहे. अंत्यविधीच्या वेळी मृताच्या उशाशी सन्मानाने बसणारी स्त्री याच नात्यातून येते, आणि लोकांनी आणलेल्या उत्तम चटया व सालीपासून केलेल्या रंगीत कापडाचे थान तिच्यापुढे ठेवले जातात. जमलेल्यांच्या कमरेला गुंडाळलेल्या चटया पाहिल्या तरी मृताशी त्यांचे नाते कळते: जे नात्याने मृतापेक्षा खालचे, त्यांच्या चटया मोठ्या, जाड्याभरड्या आणि फाटक्या, जे वरचे, त्यांच्या तलम. शोकाचा पोशाख इतके नेमके सांगतो, याचे मला फार नवल वाटते.

रविवारही घटनेनेच पवित्र ठरवला आहे. त्या दिवशी केलेला करार रद्दबातल समजला जातो. दुकाने बंद असतात, लोक चर्चमध्ये जातात आणि घरी येऊन जमिनीतल्या भट्टीत शिजलेले जेवण जेवून झोपतात.

राज्यकारभाराची कथा इतकी निवांत नाही. २०१० पर्यंत पंतप्रधान आणि मंत्री राजाच नेमत असे, आणि जनतेचे प्रतिनिधी जेमतेम नऊ होते. पारपत्रे विकून जमवलेल्या निधीतील कोट्यवधी डॉलर एका अमेरिकी सल्लागाराच्या गुंतवणुकीत बुडाले. या गृहस्थाची नेमणूक राजाने चक्क दरबारी विदूषक म्हणून केली होती. अशा प्रकरणांनी असंतोष वाढत गेला आणि १६ नोव्हेंबर २००६ रोजी नुकुआलोफात दंगल उसळून बाजारपेठेचा मोठा भाग जळाला. त्यानंतर पाचव्या जॉर्ज टुपोऊने बहुतेक अधिकार सोडण्याची तयारी दाखवली. २०१० च्या निवडणुकीपासून संसदेत निवडून येणारे २६ सदस्य आहेत: १७ जनतेचे, आणि ९ सरदारांनी आपल्यातून निवडलेले. लोकशाहीसाठी आयुष्यभर झगडलेले अकिलिसी पोहिवा २०१४ च्या अखेरीस पंतप्रधान झाले. सहाव्या टुपोऊने २०१७ मध्ये संसद बरखास्त केली, पण मतदारांनी पोहिवांनाच पुन्हा निवडून दिले. २०२४ मध्ये राजाने पंतप्रधान सोवालेनी यांच्यावर संरक्षणमंत्री म्हणून आपला विश्वास उरला नसल्याचे जाहीर केले, आणि वर्ष सरायच्या आत त्यांनी पंतप्रधानपदही सोडले. म्हणजे अधिकार कागदावर आटले असले तरी राजाच्या शब्दाचे वजन कमी झालेले नाही.

आता पुन्हा जमिनीकडे वळू. प्रत्येक तरुणाला सव्वाआठ एकर देणे लोकसंख्या वाढताच अशक्य झाले. हक्क कायद्यात राहिला, शेत मात्र शिल्लक उरले नाही. माणसे ऑकलंडला, सिडनीला, अमेरिकेला गेली. आज टोंगाबाहेर राहणारे टोंगन लोक देशातल्यांपेक्षा जास्त आहेत आणि ते घरी पाठवतात तो पैसा देशाच्या उत्पन्नाच्या सुमारे चाळीस टक्क्यांइतका, जगात सर्वाधिक प्रमाणांपैकी एक, भरतो. परदेशी गेलेल्या भावाच्या नावावरचे शेत चुलतभाऊ कसतो किंवा ते नुसते पडून राहते, आणि गावात नवा अर्जदार वाट पाहत बसतो.

ज्या समाजात बहिणीचा मान भावाहून मोठा, तिथे जमीन मात्र थोरल्या मुलाकडे जाते. विधवेला हयातभर भोगवटा मिळतो, मुलींचा वारसा फार मर्यादित आहे, आणि जमीन हवी असलेल्या स्त्रीला बहुधा भाडेपट्ट्याचाच रस्ता उरतो. २०१५ मध्ये पोहिवा सरकारने स्त्रियांविरुद्धचा भेदभाव दूर करण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता देण्याचे ठरवले, तेव्हा नुकुआलोफात त्याविरुद्ध मोर्चे निघाले. त्यांत स्त्रियाही मोठ्या संख्येने सामील होत्या, आणि सरकारला माघार घ्यावी लागली.